जुन्या कॉम्पॅक्टला भंगार म्हणण्याआधी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कॅमेरा खरेदीवर लेख आलाय, त्यात एक वाक्य आहे की घरात जुना कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा असेल तर तो भंगार समजा, फोटोग्राफी शिकायची तर मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या नाहीतर मोबाइलवर भागवा. बाकी लेख ठीक आहे पण हे वाक्य मला अजिबात पटलं नाही, आणि पत्र एवढ्यासाठीच लिहितेय की अशा वाक्यांचा परिणाम काय होतो ते मी जवळून बघते. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त झाले, तरी फुलांच्या नोंदी करणारी मुलंमुली घरी येत असतात आणि त्यातली बरीचशी सुरुवातच अशी करतात की मॅडम मिररलेस कुठला घेऊ, हप्त्यावर मिळतोय. घरी काही कॅमेरा आहे का विचारलं की म्हणतात आहे हो, बाबांनी पूर्वी घेतलेला, कपाटात पडलाय, पण तो जुना आहे. तो सुरू होतो का, त्यात मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय आहे का, ते कुणी बघितलेलंच नसतं. घरची परिस्थिती मला माहीत असते, वडील कुठे काम करतात, बहिणीची फी किती आहे, आणि तरी पाऊण लाखाचा कॅमेरा घ्यायला पोरगं निघालेलं असतं कारण पेपरात आलंय, यूट्यूबवर सांगितलंय.

मी दोन्ही वापरते म्हणून बोलतेय. माझा कॉम्पॅक्ट कॅननचा पॉवरशॉट जी१०, आणि भाचीचा कॅननचाच आर५० हा मिररलेस, तो पावसाळ्यात बऱ्याचदा माझ्याकडेच असतो. जी१० जाहीर झाला सप्टेंबर २००८ मध्ये, आणि बघा, त्याच महिन्यात पॅनासॉनिकने जी१ जाहीर केला, तो मायक्रो फोर थर्ड्स नावाच्या सेन्सर-लेन्सच्या पद्धतीचा पहिला मिररलेस. मिररलेसचा वंश वाढला, कॉम्पॅक्टचा मोबाइलने जवळजवळ संपवला. जपानी कॅमेरा कंपन्यांची सिपा नावाची संघटना आहे तिचे आकडे बघितले तर २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते आणि त्यातले बहुतेक कॉम्पॅक्टच होते, २०२३ मध्ये सगळे प्रकार मिळून ८० लाखसुद्धा नाहीत. म्हणजे ते कोट्यवधी कॅमेरे कुठेतरी आहेतच ना, आणि त्यातले कितीतरी आपल्याच घरांत असणार.

आता मुद्द्याचं. आरसा तर दोन्हींत नाही, तो डीएसएलआर नावाच्या मोठ्या कॅमेऱ्यांत असतो. कॉम्पॅक्ट आणि मिररलेसमधला खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, आकारात आहे आणि लेन्स बदलता येते की नाही यात आहे. जी१०चा सेन्सर साधारण ७.६ बाय ५.७ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखापेक्षा लहान. आर५०चा २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढलं तर साडेसात-आठ पट फरक पडतो. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर जास्त पाणी परातीत जमणार, प्रकाशाचं तेच आहे, आणि जितका प्रकाश जास्त जमेल तितका फोटो स्वच्छ, दाणे म्हणजे रवाळपणा कमी. मेगापिक्सेलचा ह्याच्याशी फारसा संबंध नाही, उलट एवढ्याशा सेन्सरवर १४.७ मेगापिक्सेल कोंबणं जास्त झालं हे कॅननलाच कळलं असावं कारण पुढच्याच वर्षी २००९ मध्ये जी११ आला तो १० मेगापिक्सेलचा होता.

इथपर्यंत लेखक बरोबर आहेत. पण मग ते म्हणतात की मोठा सेन्सर म्हणजे प्रत्येक वेळी चांगला फोटो, आणि इथे माझा आक्षेप आहे, कारण मी जे फोटो काढते त्यात हे खरं ठरत नाही.

मी काढते बारीक फुलं. कासच्या पठारावर आणि साताऱ्याच्या आजूबाजूच्या सड्यांवर, म्हणजे कातळी माळांवर, ऑगस्ट-सप्टेंबरात जे उगवतं त्यातलं पर्यटकांना दिसतं ते गालिच्यासारखं पसरलेलं, सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, पण अभ्यासाला लागतं ते एकेक फूल. सीतेच्या आसवांचं फूल सेंटीमीटरभर असतं. दवबिंदूचं रोप, म्हणजे ड्रॉसेरा, खडकाला चिकटलेलं रुपयाएवढं चक्र असतं आणि त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात ज्यात किडे अडकतात. कंदीलपुष्पाची नळी, तिच्या तोंडावर पाकळ्या टोकाला जुळून झालेला पिंजरा, आत केस. जात ओळखायला हे सगळं एकाच फोटोत पुढून मागपर्यंत नीट दिसायला लागतं. नुसती एक पाकळी धारदार आणि बाकी सगळं लोण्यासारखं वितळलेलं असा फोटो भिंतीवर छान दिसतो, नोंदीला त्याचा काही उपयोग नाही. तेरड्याच्या फुलाची मागची शेपटी किती लांब आणि कशी वळलेली हेच तर बघायचं असतं, आणि नेमकी तीच धूसर.

आणि लहान सेन्सरचा इथे मोठा फायदा होतो. सेन्सर लहान म्हणून लेन्सची फोकल लेंग्थ लहान, आणि म्हणून फोकसमध्ये येणारी खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं ते, जास्त. हिशोब करून बघा, फूल फोटोत तेवढंच मोठं ठेवायचं असेल तर जी१०वर एफ/४ ला (हे अपर्चरचं म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जेवढी खोली मिळते तेवढी आर५०वर मिळवायला साधारण एफ/११ पर्यंत जावं लागतं. एफ/४ वरून एफ/११ म्हणजे प्रकाश आठपट कमी. मग शटर स्पीड, म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते, तोच ठेवायचा, आणि तो ठेवावाच लागतो कारण पठारावर वारा थांबत नाही आणि फूल हलत राहतं, तर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, आठपट वाढवायचा, १०० चा ८००. म्हणजे सेन्सर मोठा म्हणून जो आठपट प्रकाश मिळणार होता तो अपर्चर बंद करताना पुरा गेला. राहिला काय फायदा तर पंधरा वर्षांत सेन्सरचं तंत्र सुधारलंय तेवढा, तो आहे, मी नाकारत नाही, सावलीतला तपशील आर५०मध्ये जास्त टिकतो आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नंतर जास्त उजळता येते. पण आठपट नाही. ढग पांगलेले असताना सकाळी दहाच्या उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेल्या एकाच रोपाच्या फोटोंच्या प्रिंट मी शेजारीशेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारते, कुठला कशाने काढलाय सांगा, आणि खात्रीने कुणाला सांगता येत नाही.

शिवाय जवळ जाण्याचा प्रश्न. जी१० वाइडला (म्हणजे झूम न करता) एक सेंटीमीटरपर्यंत फोकस करतो, वेगळं काही लावावं लागत नाही. आर५०बरोबर येते ती १८-४५ची किट लेन्स तेवढ्या जवळ जात नाही, ड्रॉसेराचा थेंब भरून दाखवायचा तर मॅक्रो लेन्स घ्या. आरएफ ३५ किंवा ८५ मिलिमीटरची मॅक्रो अर्ध्या आकारापर्यंत जाते (म्हणजे सेन्सरवर फुलाचं चित्र खऱ्याच्या निम्मं पडतं), १०० मिलिमीटरची १.४ पटीपर्यंत जाते आणि ती लेन्स अप्रतिम आहे, मी वापरून बघितलीय, पण ती एकटीच कॅमेऱ्यापेक्षा महाग आहे. खरेदीच्या लेखात हे यायला नको का? कॅमेऱ्याची किंमत दिलीत, ज्या कामासाठी घ्यायचा त्या कामाची किंमत दिली नाहीत. (बऱ्याच मिररलेसमध्ये फोकस ब्रॅकेटिंग असतं, म्हणजे फोकस पुढेमागे करत बरेच फोटो काढून मग ते जोडायचे. घरात टेबलावर उत्तम चालतं. वाऱ्यात हलणाऱ्या फुलावर चालत नाही.)

पण एक सेंटीमीटरच्या मॅक्रोची दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त जवळची आहे म्हणून सविस्तर लिहिते. एक सेंटीमीटर म्हणजे लेन्स जवळजवळ फुलाला टेकवायची. लेन्सची सावली फुलावर पडते हे एक, आणि तेवढं जवळ जायला माणूस खडकावर आडवा होतो, आडवा होताना कोपराखाली, गुडघ्याखाली काय चिरडतंय ते त्याला दिसत नाही. सड्यावरची माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसते, तिच्यातच सगळं जग असतं, एकदा चपलेने खरवडली की परत जमायला किती पावसाळे लागतील देव जाणे. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथे रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आहे, पायवाटा आखून दिल्यात, त्या सोडून आत जायचं नाही. मग पायवाटेवर उभं राहून फूल टिपायचं असेल तर तिथे मात्र माझा जी१० कमी पडतो, त्याचा झूम (३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबात) १४० मिलिमीटरला संपतो. आर५०ला ५५-२१० ची लेन्स लावली की मीटरभरावरून फुलाला धक्का न लावता फोटो मिळतो. तेव्हा कासला जाणाऱ्या पर्यटकाला मी सांगेन की हातात जे असेल त्याने पायवाटेवरूनच काढा आणि फूल लहान आलं तर येऊ द्या. मी आडवी होते ती आमच्या ओळखीच्या माणसाच्या पडीक जमिनीत, तीही कातळ मोकळा असेल तिथे.

स्क्रीनचंही सांगायला हवं. जी१०चा स्क्रीन मागे पक्का बसवलेला आहे, वळत नाही, त्यामुळे जमिनीलगतचा फोटो काढताना मान मोडते. आर५०चा बाहेर काढून हवा तसा फिरवता येतो आणि माझ्या वयाला ते फार मोठं सुख आहे. कॉम्पॅक्टमध्ये हे जी११ आणि जी१२ला होतं. ज्यांच्या घरी जी१२ पडलाय त्यांनी तो आजच बाहेर काढावा असं मी म्हणेन, सेन्सरही १० मेगापिक्सेलचा आणि तुलनेने कमी दाणेदार.

वजनाबद्दल लेखात लिहिलंय की कॉम्पॅक्ट हलका एवढाच त्याचा फायदा. तेही पूर्ण खरं नाही. जी१०ची बॉडीच ३५० ग्रॅमची, आर५०ची बॅटरी-कार्डसकट ३७५ ग्रॅमची, वर किट लेन्सचे १३० ग्रॅम. फरक वजनात तितका नाही जितका निगुतीत आहे. झिमझिम पावसात पठारावर लेन्स बदलायची म्हणजे जीव मुठीत, सेन्सरवर ओल, धूळ. कॉम्पॅक्ट पिशवीतून काढला, रुमालाने पुसला, फोटो काढला, परत ठेवला. पाणी मात्र दोघांनाही चालत नाही, सीलबंद दोन्ही नाहीत.

आता जिथे जुना कॅमेरा हरतो तिथे तो पुरता हरतो आणि ते मी आडपडदा न ठेवता लिहिते. अंधार पडला की संपलं. जी१०वर आयएसओ ४०० च्या वर गेलं की दाणे दिसायला लागतात आणि ८०० ला फोटो पुसल्यासारखा होतो. गणपतीची संध्याकाळची आरती, निरांजनाच्या उजेडातला आईचा चेहरा, शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर नाचणारी नात, हे सगळं त्याच्या आवाक्याबाहेरचं. आर५० आयएसओ ६४०० लासुद्धा ठेवण्याजोगा फोटो देतो. आणि फोकस! जुना कॉम्पॅक्ट कॉन्ट्रास्ट बघून फोकस करतो, म्हणजे लेन्स पुढे-मागे नेऊन चित्र कुठे जास्त स्पष्ट होतंय ते चाचपत बसतो, तोवर पोर पळून जातं. कॅननने २०१३ मध्ये ड्युअल पिक्सेल फोकस आणला, त्यात प्रत्येक पिक्सेलच दोन भागांत विभागलेला असतो आणि दोन भागांतल्या फरकावरून लेन्स कुठल्या बाजूला किती न्यायची ते कॅमेऱ्याला लगेच कळतं, त्याचीच सुधारलेली आवृत्ती आर५०मध्ये आहे, माणसाचा डोळा पकडतो, कुत्र्याचा पकडतो, पक्ष्याचा पकडतो आणि सोडत नाही. सेकंदाला १२ फोटो काढतो. जी१० एक काढून विचार करत बसतो. पक्षी, लहान मुलं, खेळ, लग्न, ह्यातलं काही करायचं असेल तर मिररलेसच घ्या, त्यात दुमत नाही. व्हिडिओचं तर बोलायलाच नको, जी१०वर ६४० बाय ४८० पिक्सेल आणि आर५०वर ४के.

मात्र इथेही एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. किट लेन्स १८ मिलिमीटरला एफ/४.५ आहे, जी१०ची लेन्स वाइडला एफ/२.८. म्हणजे किट लेन्समधून अडीचपट कमी प्रकाश आत येतो. सेन्सरने आठपट मिळवलं त्यातलं एवढं लेन्सने घालवलं, उरलं तिप्पट. अंधारातल्या फोटोंसाठी मिररलेस घेतला आणि किट लेन्सवरच राहिलात तर अर्ध्याहून जास्त फायदा वापरलाच नाहीत. त्यापेक्षा ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी लेन्स घ्या, ती तशी परवडणारी आहे आणि किट लेन्सपेक्षा सहापट प्रकाश आत घेते. बॉडी महागातली आणि लेन्स किटची, हे मी पुष्कळ मुलांच्या हातात बघते आणि वाईट वाटतं, पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेले असतात.

भर उन्हातल्या फ्लॅशबद्दल थोडं, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. दुपारी फुलावर कडक सावली पडते ती फ्लॅशने उजळायची असते. मिररलेसचा पडद्याचा शटर फ्लॅशबरोबर १/२५० सेकंदाच्या आसपासच चालतो, त्याहून वेगात नाही. कॉम्पॅक्टचा शटर लेन्समध्येच असतो म्हणून तो १/५०० लासुद्धा फ्लॅश नीट चालवतो. त्यामुळे मागचं लख्ख आकाश आटोक्यात ठेवून फूल उजळता येतं. हे मला तरी जुन्या कॅमेऱ्यावर जास्त सोपं जातं.

मी फक्त माझ्या अनुभवाचं सांगत नाहीये. कॅनडातले फोटोग्राफर मायकेल राइखमन, आता ते हयात नाहीत, त्यांनी २००८ मध्ये ह्याच जी१०ची तुलना हॅसलब्लाडच्या कॅमेऱ्याला लावलेल्या ३९ मेगापिक्सेलच्या फेज वन डिजिटल बॅकशी (कॅमेऱ्याच्या मागे लावायच्या सेन्सरच्या भागाशी) केली होती. एक पाचशे डॉलरचा, दुसरा चाळीस हजार डॉलरच्या घरातला. दोघांच्या १३ बाय १९ इंचाच्या प्रिंट काढून त्यांनी ह्या धंद्यातल्या मुरलेल्या लोकांना दाखवल्या, कुणालाही खात्रीने ओळखता आल्या नाहीत. जे थोडेफार ओळखू शकले ते कशावरून, तर मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत मागचा भाग जास्त धूसर होता त्यावरून. ह्याचा अर्थ दोन कॅमेरे सारखे असा नाही, राइखमन यांनीही तसं म्हटलं नव्हतं. अर्थ एवढाच की चांगला उजेड, कमीत कमी आयएसओ आणि ठरावीक मापाची प्रिंट असेल तर फरक डोळ्यांना दिसेनासा होतो.

आणि प्रिंटचं माप हाच तर सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, संपादक महाशय. ए४ प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. जी१०ची फाइल ४४१६ बाय ३३१२ पिक्सेलची आहे. आर५०ची ६००० बाय ४०००, म्हणजे लांबीत दीडपटही नाही. आणि तुमच्या पेपरात जो फोटो छापला जातो तो १५ सेंटीमीटर रुंद धरला आणि वर्तमानपत्राच्या कागदाला २०० डीपीआय धरले तर लागतात बाराशे पिक्सेल रुंदीला, म्हणजे सगळा फोटो एक मेगापिक्सेलच्या आसपास. त्या लेखासोबत डावीकडे कॉम्पॅक्टचा आणि उजवीकडे मिररलेसचा फोटो छापला होता आणि खाली लिहिलं होतं की फरक स्पष्ट दिसतो. फरक दिसत होता तो उजेडाचा, डावीकडचा दुपारचा आणि उजवीकडचा संध्याकाळच्या सोनेरी उन्हातला. ही तुलना झाली का? वाचक तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतात.

हल्ली उलट्या दिशेचंही एक वेड आलंय. कॉलेजची मुलं जुने कॉम्पॅक्ट शोधून दामदुप्पट भावाने घेतायत कारण इन्स्टावर कुणीतरी सांगितलंय की जुन्या कॅमेऱ्यांतल्या सीसीडी जातीच्या सेन्सरच्या रंगांत जादू असते. सीसीडीचं मोल मोठंच आहे, विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये तो शोधला आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण सेन्सर प्रकाश मोजतो, रंग ठरतात ते त्याच्यावरच्या फिल्टरने, लेन्सने आणि कॅमेऱ्यातल्या प्रोसेसिंगने. जी१०च्या आणि आर५०च्या रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकच व्हाइट बॅलन्स देऊन उघडल्या तर सोनकीचा पिवळा जवळजवळ सारखा करता येतो. सीतेच्या आसवांच्या जांभळ्याला थोडी खटपट लागते, तो रंग सगळ्याच कॅमेऱ्यांना जड जातो, जुन्याला निळा दिसतो आणि नव्यालाही. तेव्हा जादूसाठी जुना कॅमेरा विकत घेऊ नका. घरात असेल तर वापरा, एवढंच माझं म्हणणं आहे.

वापरायचा कसा ते लेखात यायला हवं होतं, म्हणून मी लिहिते. बॅटरी बरीच वर्षं पडून मेलेली असते, मूळ कंपनीची शोधत बसू नका, दुसऱ्या कंपनीची मिळते, फक्त फुगलेली जुनी बॅटरी आत राहिली असेल तर ती जोर लावून काढू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर साधे सेल टाकू नका, पटकन संपतात आणि वाटतं कॅमेराच बिघडलाय, रिचार्जेबल एनआयएमएच सेल टाका. कार्ड मोठं घालून चालत नाही, फार जुने कॅमेरे २ जीबीपर्यंतच वाचतात, २००७-०८ नंतरचे बहुतेक ३२ जीबीपर्यंत, तुम्ही ६४चं घालता आणि कार्ड एरर येतो. रॉची सोय नसेल तर आयएसओ कमीत कमी ठेवा आणि एक्स्पोजर जरा कमी घ्या, पांढरी फुलं जळत नाहीत. बऱ्याच जुन्या कॅनन कॉम्पॅक्टना हौशी प्रोग्रामरांनी बनवलेलं सीएचडीके नावाचं सॉफ्टवेअर कार्डावरून चालवता येतं आणि त्याने रॉसुद्धा मिळते, कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर बदलत नाही. लेन्स उघडताना करकर आवाज आला तर वाळूचा कण आहे, बळजबरी करू नका, एकदा लेन्स एरर आला की सुटे भाग मिळत नाहीत आणि कॉम्पॅक्ट तिथे खरोखर संपतो, ही त्याची मोठी उणीव आहे, मिररलेसची लेन्स बिघडली तर बॉडी तरी राहते. आणि बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात कॅमेरा ठेवला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, नव्यालाही धरते, लाखाच्या लेन्सलाही धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.

आणि काही रोपांना कुठलाच कॅमेरा पुरत नाही. गेंद म्हणजे इरिओकॉलॉन ह्या पठारावरच्या रोपाच्या बाबतीत सांगते, त्याच्या कितीतरी जाती अशा आहेत की बी सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय ओळखता येत नाहीत. तिथे पाऊण लाखाचा कॅमेराही नाही आणि कपाटातलाही नाही. विद्यार्थ्याकडे हप्त्याचे पैसे असतीलच तर मी त्याला आधी चांगलं हातभिंग घ्यायला सांगते, पट्टी आणि वही घ्यायला सांगते, कारण फोटोत मोजपट्टी ठेवली नसेल, तारीख-ठिकाण लिहिलं नसेल तर कुठल्याच कॅमेऱ्याचा फोटो नोंद म्हणून चालत नाही. शास्त्रीय नावात सातारेन्सिस मिरवणारा आपला वायतुरा, ज्याचा तुरा दोन फाट्यांचा असतो आणि जो पठारावरच्या पाण्यात उगवतो, त्याचं वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा डिजिटल कॅमेरे बाजारात नव्हतेच.

माझी आपल्याला विनंती आहे. फुलांचा हंगाम आला की आपण दरवर्षी वाचकांनी पाठवलेले फोटो छापता, यंदा प्रत्येक फोटोखाली कॅमेऱ्याचं नाव, लेन्स, अपर्चर, शटर स्पीड, आयएसओ आणि फोटो पायवाटेवरून काढला का एवढं छापा. आणि कॅमेऱ्यांची तुलना करायचीच असेल तर एकाच रोपावर, एकाच वेळी, एकाच उजेडात करा. साताऱ्यात येणार असाल तर मी जी१० घेऊन येते, भाचीचा आर५०ही आणते, तुमच्या फोटोग्राफरने दोन्ही हाताळावेत आणि जे निघेल ते जसंच्या तसं छापावं.

आपली,
वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका
सातारा